पट्टी कोणाला, आकडा कशाला?

वस्तू व सेवा कराच्या नव्या रचनेत २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि त्याच्या चाचणीपट्ट्यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधी जुलै २०२१ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ग्लुकोमीटरसह पाच वैद्यकीय उपकरणांच्या व्यापारी नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. घरच्या घरी बोट टोचून साखर मोजणे आता शहरी मध्यमवर्गाच्या दिनक्रमाचा भाग झाले आहे. चहाच्या आधी यंत्र, मग वही, मग औषधाची गोळी, हा क्रम असंख्य घरांत ठरून गेला आहे. मात्र स्वस्त झालेल्या या पट्ट्या कोणाच्या हाती पडतात आणि त्यांवर उमटणाऱ्या आकड्याचे पुढे काय होते, हा प्रश्न करकपातीच्या चर्चेत कुठेच आला नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या मोठ्या समुदायाला एकच सल्ला लागू पडणे शक्य नाही. तरीही प्रत्यक्षात सल्ला एकच असतो : ‘घरी मशीन घेऊन ठेवा, अधूनमधून तपासत जा.’ अधूनमधून म्हणजे केव्हा, आणि आकडा वाढलेला दिसला तर करायचे काय, हे बहुधा कोणी सांगत नाही.

या यंत्राचा उगम पाहिला तर त्याचे खरे काम लक्षात येते. १९६०च्या दशकात रक्ताच्या थेंबाने रंग बदलणारी पट्टी आली आणि तो रंग मोजणारे यंत्र त्यापाठोपाठ आले. ते रुग्णालयांसाठी होते. रुग्णाला ते विकत मिळत नसे. रिचर्ड बर्नस्टीन हे अमेरिकी अभियंते लहानपणापासून इन्सुलिनवर होते. १९६९ मध्ये त्यांनी डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावाने हे यंत्र मागवले आणि दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजून इन्सुलिनची मात्रा व आहार यांची सांगड घातली. वैद्यकीय जगताने त्यांचे म्हणणे मनावर घेतले नाही, म्हणून चाळिशी उलटल्यावर ते स्वतः वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. १९९३ मध्ये अमेरिका व कॅनडातील १४४१ टाइप १ रुग्णांवरील दीर्घ अभ्यासाने साखर काटेकोर ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांचे नुकसान मोठ्या प्रमाणात टळते हे सिद्ध केले, तेव्हा घरगुती चाचणीला शास्त्राची मान्यता मिळाली. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, बर्नस्टीन काय किंवा त्या अभ्यासातील रुग्ण काय, प्रत्येकाच्या हातात आकडा येताच बदलता येण्याजोगी एक गोष्ट होती, ती म्हणजे इन्सुलिनची पुढची मात्रा.

केवळ मेटफॉर्मिनवर किंवा पथ्यावर असलेल्या टाइप २ रुग्णाच्या हाती अशी तत्काळ बदलण्याजोगी गोष्ट नसते. सकाळी १३२ आले काय आणि १४६ आले काय, गोळी तीच राहते. अशा रुग्णांना रोजच्या चाचणीचा किती लाभ होतो, हे पाश्चात्त्य देशांत काळजीपूर्वक तपासले गेले आहे. ब्रिटनमधील ४५३ रुग्णांच्या २००७ मधील चाचणीत, इन्सुलिन न घेणाऱ्यांमध्ये घरी साखर मोजणारे आणि न मोजणारे यांच्या तीन महिन्यांच्या सरासरीत, म्हणजे एचबीए१सीमध्ये, लक्षणीय फरक आढळला नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात ४५० रुग्णांवर वर्षभर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही तोच होता. रोज बोट टोचणाऱ्यांना सुरुवातीच्या महिन्यांत थोडा फायदा झाला, वर्षअखेरीस तो पुसला गेला. उत्तर आयर्लंडमधील २००८च्या एका अभ्यासात तर नव्याने निदान झालेल्या व स्वतः साखर मोजणाऱ्या रुग्णांत नैराश्याचे प्रमाण किंचित अधिक दिसले. ज्यांच्या घरातील एखाद्या ज्येष्ठाचा अख्खा दिवस सकाळच्या आकड्यावर ठरतो, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

या पुराव्यांवर तेथील सरकारांनी धोरण बेतले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत टाइप २च्या प्रौढांना सरसकट घरगुती चाचणी सुचवू नये असे म्हटले. इन्सुलिन घेणारे, साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचा अनुभव असलेले, तशी शक्यता असलेल्या गोळ्या घेऊन वाहन चालवणारे आणि गर्भवती यांचा अपवाद केला. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांताने ऑगस्ट २०१३ पासून सरकारी खर्चाच्या पट्ट्यांना वर्षाची मर्यादा घातली. इन्सुलिन घेणाऱ्याला ३०००, साखर खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला ४०० आणि इतरांना २००. पट्ट्यांचे हे वाटप गरजेच्या क्रमाने आहे.

भारतात हे वाटप खिशाच्या क्रमाने होते. पट्टी कंपनीनुसार साधारण दहा ते पंचवीस रुपयांना पडते. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाने दिवसातून किमान चार वेळा साखर मोजणे अपेक्षित आहे. पट्टी पंधरा रुपयांची धरली तरी महिन्याला अठराशे रुपये होतात, आणि इन्सुलिन, सुया व डॉक्टरांचे शुल्क वेगळे. रोजंदारीवरच्या कुटुंबात अशा वेळी पट्टीवरच काट बसते. आई मुलाच्या चेहऱ्यावरून, घामावरून, चिडचिडेपणावरून अंदाज बांधते आणि त्या अंदाजावर इन्सुलिन टोचले जाते. दुसरीकडे, एका गोळीवर साखर उत्तम आटोक्यात असलेला निवृत्त अधिकारी दररोज दोनदा मोजतो आणि त्याची सुवाच्य अक्षरातील वही डॉक्टरांच्या टेबलावर न उघडता परत येते. त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याला कोणी वेगळे सांगितलेलेच नसते. यंत्र स्वस्त आणि पट्टी महाग हे गणित छपाईयंत्र आणि त्याच्या शाईसारखे आहे. यंत्र प्रसंगी फुकट मिळते, कारण कमाई पट्टीत आहे, आणि अधिक पट्ट्या वापरणारा ग्राहक कोणत्याही विक्रेत्याला नकोसा नसतो. आपल्याकडील बहुतांश आरोग्यविमा रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतो; घरी रोज लागणारी पट्टी त्यात बसत नाही.

सरकारला हे यंत्र अपरिचित आहे असे नाही. तिशी ओलांडलेल्या नागरिकांची प्राथमिक आरोग्य केंद्रांवर होणारी तपासणी ग्लुकोमीटरवरच चालते. गर्भावस्थेतील मधुमेहाच्या निदानासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनीही ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतरची एकच चाचणी ग्लुकोमीटरवर करण्यास मुभा दिली आहे आणि दूरच्या उपकेंद्रांचा विचार करता ते शहाणपणाचेच आहे. म्हणजे आजार शोधून काढण्यासाठी पट्टीचा खर्च राज्ययंत्रणा करते. आजार सापडल्यावर, इन्सुलिन सुरू झाल्यावर, रुग्ण घरी गेला की तो खर्च मुख्यतः त्याचा. केरळने ‘मिट्टायी’ योजनेत टाइप १च्या मुलांना इन्सुलिनबरोबर साखर मोजण्याची साधनेही देऊ केली. महाराष्ट्रासारख्या संपन्न राज्याला ही कल्पना झेपणार नाही असे मानण्यास आधार नाही. टाइप १च्या मुलांची संख्या टाइप २च्या तुलनेत फारच थोडी आहे आणि प्रत्येक पट्टीमागे मिळणारा लाभ सर्वाधिक.

गोळ्यांवरच्या सर्वांना चाचणी निरुपयोगी आहे असा अर्थ मात्र काढता येणार नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. आपल्याकडे मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड यांची एकत्रित गोळी सर्रास दिली जाते आणि आपल्या गोळीत दोन औषधे आहेत हे अनेक रुग्णांना ठाऊक नसते. वय झालेले, मूत्रपिंड थकलेले, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत किंवा रमजानमध्ये सूर्यास्तापर्यंत न खाणारे यांच्यात साखर ७०च्या खाली घसरू शकते. हात कापणे, घाम, गोंधळलेपण ही लक्षणे घरात ‘अशक्तपणा’ या एका शब्दात बसवली जातात. त्या क्षणी टोचलेले बोट तीन चमचे साखर लगेच द्यायची की नाही हे ठरवते. यंत्र हाताशी नसेल तर साखर देऊन टाकावी, हा नियमही त्यासोबतच सांगायला हवा. बोट टोचल्याने रोजा मोडत नाही, असे बहुसंख्य धर्मपंडितांचे मत आहे. हेही डॉक्टरांनी रुग्णाला आवर्जून सांगण्याजोगे आहे.

उपवासाची दुसरी बाजू साबुदाण्याची. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. आषाढीला किंवा नवरात्रात खिचडीच्या आधी आणि दोन तासांनी मोजलेल्या दोन आकड्यांतील तफावत आहारतज्ज्ञाच्या तासभराच्या व्याख्यानापेक्षा अधिक शिकवून जाते. पोहे, भाकरी, भात यांचेही तसेच. अशी योजनापूर्वक, जोडीने केलेली मोजणी उपयोगी पडते याला आधार आहे. अमेरिकेतील २०११च्या एका अभ्यासात रुग्णांनी दर तीन महिन्यांनी, भेटीआधीच्या सलग तीन दिवसांत, दिवसाला सात वेळा साखर मोजली आणि डॉक्टरांनी तो आलेख पाहून औषध बदलले. त्यांची सरासरी इतरांपेक्षा अधिक सुधारली. यातील ‘डॉक्टरांनी पाहून’ हे शब्द महत्त्वाचे. वर्षाच्या ३६५ उपाशीपोटीच्या आकड्यांपेक्षा तिमाहीतील हे २१ आकडे स्वस्त पडतात आणि अधिक सांगतात.

आकड्याच्या विश्वासार्हतेबद्दलही मोठा गैरसमज आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार, साखर १०० किंवा अधिक असताना यंत्राचे ९५ टक्के निकाल प्रयोगशाळेच्या १५ टक्के आतबाहेर असले की ते उत्तीर्ण ठरते. खरी साखर १८० असेल तर १५३ दाखवणारे आणि २०७ दाखवणारे, दोन्ही निकाल त्या मर्यादेत बसतात. एकाच बोटातून लागोपाठ दोनदा मोजून आकडा जुळला नाही म्हणून केमिस्टशी भांडणाऱ्या ग्राहकाला हे कोणी सांगितलेले नसते. त्यात आंबा कापून न धुतलेला हात, मुदत उलटलेली पट्टी, पावसाळ्यात झाकण उघडे राहिलेली डबी यांची भर पडते. हात साबणाने धुऊन कोरडे करणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

भारतीय रुग्णाच्या बाबतीत एक कारण याहून गंभीर आहे. रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण कमी असेल तर अनेक यंत्रे साखर प्रत्यक्षाहून जास्त दाखवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होते. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात एचबीए१सीसुद्धा खोटी वाढू शकते. म्हणजे घरचे यंत्र आणि प्रयोगशाळेचा अहवाल एकाच दिशेने चुकतात आणि एकमेकांची साक्ष काढतात. अशा स्त्रीचे औषध वाढवले, तर साखर खरोखर खाली जाण्याचा धोका तिच्या वाट्याला येतो. मधुमेही स्त्रीची साखर मोजताना हिमोग्लोबिनही पाहावे, हा साधा नियम रुळायला हवा.

दरम्यान बाजार पुढे निघाला आहे. दंडाला चिकटवायचा संवेदक दोन आठवडे सतत साखर मोजतो आणि आलेख भ्रमणध्वनीवर उमटवतो. इन्सुलिनवरच्या मुलांसाठी, विशेषतः रात्री झोपेत साखर घसरणाऱ्यांसाठी, हे तंत्र वरदान आहे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या अशा पहिल्या संवेदकाला मंजुरी दिली. ती इन्सुलिन न घेणाऱ्या प्रौढांसाठी आहे. भारतातही मधुमेह नसलेल्या, तंदुरुस्तीच्या हौशी ग्राहकांना असे संवेदक विकणारे उद्योग उभे राहिले आहेत आणि त्यांचा ग्राहक पुण्या-मुंबईत सहज सापडतो. ज्या मुलाची आई चेहऱ्यावरून साखर ओळखते, त्याच्यासाठी आजही पंधरा रुपयांची पट्टीच महाग आहे.