इलेवन मारू का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि बीडहून मला येणाऱ्या फोनांचा विषय बदलला. आधी "पुण्यात रूम बघ" असायचा, आता "दादा, इलेवन मारू का?" आमच्याकडे विंडोज टाकत नाहीत, मारतात. :)

यावर पुण्यात बसलेला आमचा प्रत्येक इंजिनियर बांधव एका सेकंदात सांगतो, "मार की! लेटेस्ट पाहिजे." मंडळी, माझं भांडण या उत्तराशी आहे.

आपण स्वतः काय करतो ते बघा. ऑफिसात साधा पॅच प्रॉडक्शनवर चढवायचा तर आधी टेस्टिंग, मग मॅनेजरची मंजुरी, मग शनिवारी रात्रीचा मुहूर्त, आणि बिघडलं तर मागे फिरायचा लेखी प्लॅन. क्लायंटचा सर्व्हर म्हणजे जणू देवघर! आणि बीडच्या मोंढ्यातल्या आडत्याचा एकुलता एक कॉम्प्युटर? तिथे "मार की". का बरं, त्याचं दुकान प्रॉडक्शन नाही? त्याच्याकडे ना टेस्टिंग, ना प्लॅन. अपडेट चालू असताना लाईट गेली तर इन्व्हर्टरचाही भरवसा नाही.

आणि अपडेट बिघडतात. ऑक्टोबर २०१८ मधल्या विंडोज १० च्या अपडेटने काही लोकांच्या फाइलीच उडवल्या, मायक्रोसॉफ्टला ते मध्येच थांबवावं लागलं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख मशीन्स निळ्या स्क्रीनवर अडकली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. मोठमोठ्या कंपन्यांची ही गत!

आता आडत्याचंच घ्या. आडत, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी, सगळा हिशोब डॉसवरच्या फॉक्सप्रोत. कुणीतरी वीस वर्षांपूर्वी लिहून दिलेला प्रोग्राम, आता लिहिणाराच सापडत नाही. असले डॉसचे प्रोग्राम ३२ बिट विंडोजवर थेट चालतात, ६४ बिटवर चालत नाहीत. विंडोज १० दोन्हींत यायचं, ११ फक्त ६४ बिट. म्हणजे "मार की" म्हणणाऱ्याने एका शब्दात मोंढ्यातल्या पट्ट्या बंद पाडल्या. डॉसबॉक्स वगैरे जुगाड आहेत, मान्य. पण मग त्याला प्रिंटर जुळवून द्यायला तुम्ही येणार का पुण्याहून?

म्हणून "चाललंय ना, हात लावू नको" वाल्यांनी खूश व्हायचं कारण नाही. वॉनाक्राय ज्या भोकातून घुसला ते बुजवणारा पॅच १४ मार्च २०१७ ला आला होता, हल्ला झाला १२ मे ला. मध्ये चांगले दोन महिने होते! त्याच जूनमध्ये नॉटपेट्याने आपल्या जेएनपीटीतलं एक टर्मिनल ठप्प केलं. आणि एखाद्या ई-सेवा केंद्राच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये कधी डोकावलात का? शेकडो लोकांची आधार कार्डं, सातबारे, पासबुकं तशीच पडलेली असतात. त्यातले कितीतरी जण सहा महिने ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात. खात्यातून पैसे गेले तर त्यांना कळणार कधी? दुसऱ्याचे कागद सांभाळणाऱ्याला "चाललंय ना" म्हणायचा हक्क नाही.

तर माझं म्हणणं असं की त्या मशीनवर कोणाचं काय अडकलंय ते आधी विचारा, मग तोंड उघडा. सेवा केंद्रवाल्याने मारावंच. पण जुलैत पीकविम्याची रांग दारात असताना नको, आणि जुन्या डिस्कवर तर नकोच. नवीन एसएसडी घ्या, त्यावर विंडोज मारा, जुनी डिस्क खणात ठेवा. थंब मशीन किंवा प्रिंटर रुसला तर जुनी परत जोडायला दहा मिनिटं लागतात. आडत्याने मात्र ११ च्या नादी न लागता त्या मशीनची नेटची वायर उपटावी, रोज रात्री दोन पेनड्राइव्हवर डेटा घ्यावा आणि जीएसटीसाठी दुसरं मशीन ठेवावं.

राग मला वेगळ्याच गोष्टीचा येतो. ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. म्हणजे २०१६ चं धडधाकट मशीन एका फटक्यात बाद. मग यूट्यूब बघून ही अट चुकवून इलेवन मारून देणारे गल्लोगल्ली. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही, हे मायक्रोसॉफ्टने आधीच सांगून ठेवलंय. मग मारलं कशासाठी? त्यापेक्षा घरच्या मशीनसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर झाली होती. अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या की ती फुकटही मिळते, हे किती जणांनी फोनवर सांगितलं?

(लिनक्सवाल्या मित्रांनो, आधी त्या थंब मशीनचा ड्रायव्हर शोधून द्या, मग बोलू.)

आणि हो, दुकानदार "जुनं भंगारात घेतो, नवीन देतो" म्हणाला तर द्या खुशाल, पण डिस्क काढून घेतल्याशिवाय देऊ नका. अर्ध्या गावाचे सातबारे आहेत त्यात.