पाठचे बाळ आले, पहिल्याचे काय?

पश्चिम आफ्रिकेत घाना देशाच्या किनाऱ्यावर 'गा' नावाचे लोक राहतात. पाठचे भावंड झाले, अंगावरचे दूध तुटले की आधीच्या मुलाला जो आजार जडतो, त्याला त्यांच्या भाषेत 'क्वाशिओरकोर' म्हणतात. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी तिथे काम करताना हा शब्द ऐकला आणि १९३५ साली वैद्यकशास्त्रात आणला. मराठीत आपण त्याला सुजवटी म्हणतो. म्हणजे निदान तिथल्या आयाबायांनी आधीच करून ठेवले होते!

नायजेरियात योरुबा समाजात मूल अंगावर पिते तोवर, दोन-तीन वर्षे, नवरा-बायकोने दूर राहण्याची जुनी रूढी होती. नाहीतर दूध नासते, असे मानत. कारण चुकीचे, पण दोन मुलांत अंतर मात्र पडे. आपल्याकडे बाळंतीण माहेरी राहते ती काही महिनेच. सासरी परतली की, पहिली मुलगी असेल तर विशेषच, 'आता दुसऱ्याचं बघा' सुरू होते. एका बाळंतपणानंतर किमान २४ महिने पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी दूर राहायला नको. सरकारी दवाखान्यात तांबी मोफत बसवतात. सासूबाईंनी या बाबतीत थोडे गप्प बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर थोरल्याच्या पोटात काय जाते? चहात बुडवलेले बिस्कीट आणि वरणाचे वरचे पाणी. घानातल्या त्या मुलांना मक्याची पेज मिळे; फरक फारसा नाही. त्यापेक्षा ज्वारीच्या मऊ शिजवलेल्या कण्या, त्यात घट्ट वरण, चमचाभर तेल, शेंगदाण्याचे बारीक कूट, जमेल तेव्हा अंडे किंवा दही, असे दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवावे. हे सारे घरातलेच आहे.

सुजवटीत मूल वाळलेले दिसत नाही, उलट फुगते. त्यामुळेच घरचे फसतात. खामगावात चांदीच्या वाळ्यांची हौस मोठी. ते पायात रुतू लागले की 'बाळसं धरलं' म्हणून कौतुक होते. पण मूल सतत किरकिरत असेल, खायला मागत नसेल, केस पिंगट व विरळ झाले असतील, तर दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहा. अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टॉनिकची बाटली आणून आठवडा घालवू नका.