पिंप ओतायचं कुणी?

दिवाळीच्या सुमारास बीडकडची ऊसतोड कुटुंबं साखर कारखान्यांच्या परिसरात उतरतात. त्यांच्या कोप्यांजवळ, म्हणजे झोपड्यांजवळ, नळ नसतो, म्हणून पाणी पिंपात साठवावंच लागतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास नेमका अशा स्वच्छ साठवणीत वाढतो आणि चावतो दिवसा. अंड्याचा डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडं करायचं, एरवी झाकून ठेवायचं. मजुरांना हे सांगितलं की कळतं. पण टँकरची वाट पाहणारी बाई भरलेलं पिंप ओतेल कशी? ताप अंगात असला तरी खाड्याच्या धास्तीनं ती कोयता खाली ठेवत नाही. कारखान्यांनी याच हंगामात प्रत्येक तळावर रोजचं पाणी, झाकणाची पिंपं आणि रक्ततपासणी पोचवावी.