सोनं वेगळं, सोन्याच्या खाणीचा शेअर वेगळा

पार्लेकरांनो, सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेल्यापासून सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नवी टूम निघाली आहे. सोनं परवडत नाही ना, मग सोन्याच्या खाणीचा शेअर घ्या! निवृत्तीच्या पैशातून घेणारेही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गुरुपुष्याला एक ग्रॅमचं वेढणं घेताना आपण हॉलमार्क बघतो, घडणावळीवर घासाघीस करतो. शेअर घेताना मात्र फक्त 'टार्गेट किती?' एवढंच विचारतो. खरं तर चार प्रश्न विचारायला हवेत.

१) जमिनीत सोनं किती, आणि मोजलं कोणी? फेब्रुवारी २०२० आठवा. उत्तर प्रदेशात सोनभद्रला ३,००० टन सोनं सापडल्याची बातमी घरोघरी फिरली. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं खुलासा केला: सुमारे ५२,८०६ टन खनिज, टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम, म्हणजे सोनं साधारण १६० किलो. टन कुठे आणि किलो कुठे! कंपनीच्या कागदात 'रिसोर्स' लिहिलंय की 'रिझर्व' तेही बघा. रिसोर्स म्हणजे शोधकामावरून बांधलेला अंदाज. रिझर्व म्हणजे त्यातलं जे काढणं परवडेल तेवढंच.

२) काढायला खर्च किती? कोलारची खाण शतकाहून जास्त चालली आणि २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली. खाली सोनं उरलं नव्हतं असं नाही. ते वर आणण्याचा खर्च विकून येणाऱ्या पैशापेक्षा जास्त झाला होता.

३) परवाने कुठवर आलेत? मुंबई शेअर बाजारातल्या डेक्कन गोल्ड माइन्सचंच बघा. कर्नाटकातल्या गणजूर प्रकल्पावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि २०२१ च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीनं अशा प्रलंबित हक्कांवरच गदा आणली. आंध्रातल्या जोन्नागिरीत २०२४ अखेरपर्यंत पूर्ण उत्पादन होईल असं सांगितलं होतं, तेही लांबलं. यात कंपनीची लबाडी आहे असं मी म्हणत नाही. खाणीचा धंदाच असा आहे. पण थांबण्याच्या काळातही पगार आणि व्याज चुकत नाही. पैसे कमी पडले की नवे शेअर निघतात आणि तुमचा हिस्सा पातळ होतो.

४) त्यातलं आपलं किती? जोन्नागिरीतून वर्षाला ७५० किलो सोनं निघेल असं सांगितलं जातं. दहा ग्रॅमला लाख रुपये धरले तर ७५० कोटी होतात. डोळे दिपतात! पण ही झाली विक्री. त्यातून खोदाई, वीज, रसायनं, रॉयल्टी, व्याज, कर वजा करा. डेक्कनचा त्या प्रकल्पात हिस्सा आहे, संपूर्ण मालकी नाही, म्हणून तेवढाच भाग धरा. मग शेअरच्या एकूण संख्येनं भागा. जे उरेल ते आजच्या भावाशेजारी ठेवून बघा. हा हिशेब न करता घेतलेला शेअर म्हणजे नुसता जुगार.

देश दरवर्षी शेकडो टन सोनं आयात करतो आणि इथे निघतं जेमतेम दीड-दोन टन. तेव्हा खासगी खाणी व्हायलाच हव्यात, पण लहान गुंतवणूकदाराच्या जिवावर नकोत. कॅनडात १९९७ मध्ये ब्री-एक्स कंपनीचं इंडोनेशियातलं सोनं खोटं निघालं, नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलेलं होतं. अब्जावधी डॉलर बुडाले. त्यानंतर २००१ मध्ये तिथे नियम आला, की साठ्याचा आकडा जाहीर करायचा तर त्यामागे पात्र तज्ज्ञाची जबाबदारी हवी आणि मोठ्या दाव्याला स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल हवा. सेबीनंही तेवढंच काटेकोर व्हावं आणि अहवालाचा सारांश मराठीसह भारतीय भाषांत द्यायला लावावा. दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा होऊ शकतो, तर खाणीच्या आकड्याला का नको?

मी सल्लागार नाही, घ्या किंवा विका असं सांगत नाही. पण पुढच्या वेळी ग्रुपवर टिप आली की हे चार प्रश्न तिथेच टाका. उत्तर आलं तर इथे कमेंटमध्ये कळवा, आणि नाही आलं तर तेही कळवा.