इटलीचे चित्रपट : जनतेचा ठेवा

युद्धाने होरपळलेल्या रोममध्ये १९४५ साली रॉबेर्तो रोस्सेलिनी यांचा ‘रोम, खुले शहर’ पडद्यावर आला. १९४८ मध्ये व्हित्तोरिओ दे सिका यांनी ‘बायसिकल थीव्ह्ज’च्या नायकाच्या भूमिकेसाठी कारखान्यातील कामगार निवडला, त्याच वर्षी लुकिनो व्हिस्कोन्ती यांच्या ‘ला तेर्रा त्रेमा’त सिसिलीचे मच्छीमार स्वतःच्या बोलीत बोलले. श्रमिकांचे जगणे हा श्रेष्ठ कलेचा विषय आहे, हे या चित्रपटांनी सिद्ध केले.

सत्ताधाऱ्यांना ते रुचले नाही. १९४९ च्या कायद्याने सरकारी साहाय्य पटकथेच्या मंजुरीशी जखडले गेले. १९५२ मध्ये ‘उम्बेर्तो डी’बद्दल दे सिकांनी देशाची कुसेवा केल्याचा ठपका जुलिओ आंद्रेओत्ती यांनी ठेवला. बाजाराने ‘ला तेर्रा त्रेमा’ला कात्री लावली आणि मच्छीमारांच्या तोंडी प्रमाण इटालियन घातली.

काळाचा घालाही तितकाच क्रूर आहे. त्या वेळची नायट्रेट फिल्म क्षणात पेट घेते. तिच्या जागी आलेली ॲसिटेट फिल्म उष्णतेने व ओलाव्याने कुजते, तिला शिरक्यासारखा आंबट वास सुटतो. थंड व कोरडी कोठारे, कुशल तंत्रज्ञ आणि अखंड निधी हाच त्यावर उपाय. तात्काळ नफा पाहणारे भांडवल हा भार सहसा उचलत नाही.

म्हणूनच बोलोन्याचे उदाहरण मोलाचे आहे. दीर्घकाळ कम्युनिस्टांच्या हाती असलेल्या तेथील नगरपालिकेने साठच्या दशकात चित्रसंग्रहालयाची पायाभरणी केली. आज दर उन्हाळ्यात शहराच्या मुख्य चौकात जतन केलेले चित्रपट हजारो नागरिक विनामूल्य पाहतात.

भारताचे या वारशाशी जवळचे नाते आहे. सत्यजित राय यांनी १९५० साली लंडनमध्ये ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहिला. १९५२ च्या मुंबईतील आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो पाहून बिमल रॉय यांना ‘दो बीघा जमीन’ची प्रेरणा मिळाली. १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतील आगीत राय यांच्या चित्रपटांची निगेटिव्ह होरपळली. बोलोन्याच्याच तंत्रज्ञांनी त्यांचे अवशेष हाताने दुरुस्त केले आणि २०१५ मध्ये अपू चित्रत्रयी पुन्हा उजळली. उलट, २००३ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा साठा जळाला; त्यातील कित्येक चित्रपट कायमचे गेले.

यातून एकच निष्कर्ष निघतो. चित्रपटांचे जतन ही धनिकांची हौस नसून ग्रंथालयांप्रमाणे सार्वजनिक जबाबदारी आहे, आणि कोठारात कुलूपबंद ठेवल्याने ती पूर्ण होत नाही. ज्यांच्या जीवनातून ही कला जन्मली, त्या श्रमिकांपर्यंत ती पोहोचली पाहिजे. तरच हा वारसा खऱ्या अर्थाने जिवंत राहील.