महालक्ष्म्यांचे तोरण घरीच शिवावे

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या घरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर पुरणावरणाचा नैवेद्य घेतात आणि मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. या माहेरवाशिणींसाठी मराठवाड्यातील घरांनी हातांनी काय काय केले नाही! सोळा पदरांचा सुती दोरा, कापसाची वस्त्रमाळ, वर टांगावयाचा फुलोरा. आता मात्र आरास बहुतांशी दुकानातून येते. थर्मोकोलच्या सजावटीवर राज्याने २०१८ साली बंदी घातली खरी; परंतु तिची जागा प्लॅस्टिकच्या झेंडूने घेतली, यात देवीचा कोणता मान राखला गेला, हे आम्हांस उमगत नाही.

बीडहून परळीकडे जाताना लागणाऱ्या तेलगावच्या शिवारात कपाशी पिकते. अशा गावात वस्त्रमाळही पाकिटातून यावी, हे मनाला लागते. आमचे म्हणणे इतकेच, की निदान दारावरचे तोरण तरी घरी शिवावे. त्याला शिलाईयंत्र लागत नाही. कोयरी, कमळ, बेलपान यांचे कागदी आकार कापावेत, कापडाचे दोन तुकडे जुळवून कडेने काजटाका घालावा, बोटभर फट ठेवून आत कापूस भरावा आणि फट शिवून टाकावी. हल्ली फेल्ट नावाचे जाड, दाबून केलेले कापड मिळते. ते विणलेले नसल्याने कापलेल्या कडेला दोरे सुटत नाहीत, म्हणून नवशिक्या हातास सोयीचे. अस्सल फेल्ट लोकरीचे असते, आणि सोवळ्यात धाबळी चालते तेथे लोकरीच्या तोरणाला कोण हरकत घेणार? मात्र बाजारातील बरेचसे फेल्ट कृत्रिम धाग्यांचे असते. त्यापेक्षा जुन्या सुती लुगड्याचे धुवट कापड दुपदरी करून, कडा आत मुडपून घेतलेले आम्हांस अधिक आवडते. वाकळ शिवणाऱ्या आजीला हे शिकवावे लागत नाही.

‘हेही बायकांच्याच माथी का?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. सणाच्या स्वयंपाकाने आधीच वाकलेल्या सुनेच्या हाती सुई देणे हा धर्म नव्हे. पण सुई बायकांचीच, हे ठरविले कोणी? नामदेवराय शिंपी कुळातले होते. घरातील पुरुषांनी आणि मुलांनी टाके घालावेत. काही कमीपणा येत नाही.

या भागात हे सांगण्यास आणखी एक कारण आहे. तेलगावला स्वतःचा सहकारी साखर कारखाना असला, तरी दसरा-दिवाळी उलटताच जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. म्हातारी माणसे मागे राहतात. लेकरे कधी त्यांच्यापाशी, कधी आईबापांसंगे फडावर. महालक्ष्म्यांच्या दिवसांत मात्र तिन्ही पिढ्या एका छपराखाली असतात. आजी टाका दाखविते, नातू आकार कापतो, बाप कापूस भरतो, असे चार दिवस पुढे सहा महिने मिळत नाहीत. विकतचे तोरण टांगावयास पाच मिनिटे पुरतात. ही बैठक त्यात येत नाही.

टाके वाकडे पडतील, पडू द्यावेत. मूळ नक्षत्रावर निरोप झाला की तोरण उतरवून, कडुनिंबाचा वाळला पाला घालून पेटीत ठेवावे. पुढल्या भाद्रपदात त्यात एक कोयरी वाढवावी, आणि ती घरातल्या सर्वांत लहान मुलाकडून शिवून घ्यावी.