माझं झालंय, तुम्ही जेवा

"आई, तू जेवलीस?"

"हो, माझं झालंय. तुम्ही बसा."

हा संवाद कुठल्या घरातला, असं विचारलं तर तुम्ही म्हणाल, आमच्याच! माझी आई हे नेहमी म्हणायची. पातेल्यात काय उरलंय हे दिसत असूनही आम्ही भावंडं मुकाट्यानं जेवायचो. पण सातासमुद्रापलीकडे, इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरातही एक आई आपल्या पाच मुलांना हेच खोटं सांगत होती, हे कळलं तेव्हा मी चकितच झाले. तिचं नाव मेलनी मेनार्ड. तिचा सगळ्यात धाकटा मुलगा म्हणजे फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. घरात मुलगा सामने बघतो, त्याचा आरडाओरडा कानावर पडतो, तेवढंच. पण हा खेळाडू मला ठाऊक झाला तो त्याच्या गोलमुळे नव्हे, त्याच्या एका पत्रामुळे.

मार्कसचा जन्म १९९७ चा. मेलनीनं पाचही मुलांना एकटीनं वाढवलं. एका बेटिंगच्या दुकानात ती कॅशिअर होती, शिवाय जमतील तशी आणखी कामं. एवढं राबूनही कधी कधी घरात पावसुद्धा नसायचा. मुलं सकाळी शाळेतला नाश्ता करत, दुपारी शाळेचं मोफत जेवण जेवत. मार्कस पाचव्या वर्षी गल्लीजवळच्या क्लबात खेळू लागला आणि सातव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडच्या प्रशिक्षण केंद्रात निवडला गेला. मैदानावर नेणं-आणणं मेलनीला कामामुळे जमत नसे. प्रशिक्षक, शेजारी त्याला सोबत नेत.

आणि अकराव्या वर्षी तिनं एक अवघड निर्णय घेतला. क्लब मुलांची राहण्या-जेवणाची सोय करत असे, पण त्यासाठी मार्कस एका वर्षानं लहान होता. मेलनीनं मागे लागून त्याला वर्षभर आधीच तिथे ठेवून घ्यायला लावलं. कारण साधं होतं. तिथे त्याला पोटभर खायला मिळणार होतं. पोटच्या पोराला दूर ठेवताना तिला किती जड गेलं असेल! पण तिनं मन घट्ट केलं.

हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढे आमच्या बचत गटातली एक बाई उभी राहिली. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरा नाही, चार घरची धुणी-भांडी. मुलाला वसतिगृहात घालायचं म्हणून अर्ज भरून घ्यायला ती माझ्याकडे आली होती. मी काय बोलले असेन? म्हटलं, "अगं, दहा वर्षांचं लेकरू ते. आई असताना कशाला दूर पाठवतेस? आईची माया तिथे कोण देणार?" ती काहीच बोलली नाही. कोरा अर्ज पिशवीत घालून निघून गेली. मुदत उलटली. पुढच्या वर्षी त्या मुलानं शाळा सोडली, आज तो एका गॅरेजमध्ये काम करतो. माझ्या तोंडी तेव्हा 'माया' आली, कारण माझ्या घरी डबे भरलेले होते. तिच्या लेखी माया म्हणजे दोन वेळचं ताट होतं, हे समाजकार्य करणाऱ्या मला कळायला हवं होतं.

मार्कस अठराव्या वर्षी, २०१६ मध्ये, मोठ्या संघातून पहिला सामना खेळला आणि दोन गोल केले. पुढे नाव, पैसा सगळं आलं. २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा गरीब मुलांना जेवणाची कुपनं दिली जात होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती बंद होणार होती. १५ जूनला मार्कसनं खासदारांना जाहीर पत्र लिहिलं. आपली आई पूर्ण वेळ राबायची, तरी ते पुरत नसे, आपण शाळेच्या जेवणावर वाढलो, हे त्यानं सगळ्या देशाला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सरकारनं निर्णय फिरवला. इंग्लंडमधल्या सुमारे १३ लाख मुलांसाठी १२ कोटी पौंडांची तरतूद झाली. 'ज्यांची पोरं त्यांनी पोसावीत' असं म्हणणारे तिथेही होतेच. पण तो मागे हटला नाही. रात्री रडणाऱ्या आईचा आवाज आपल्याला अजून आठवतो, असं त्यानं सांगितलं.

म्हणजे बघा, "माझं झालंय" हे खोटं मुलांना कळत असतं. आपण सांगतो ते संस्कार मुलं विसरतात, पण घरात जे बघतात ते विसरत नाहीत.

आता कुणी म्हणेल, गरिबीनंच माणूस घडतो, आईच्या त्यागाचं चीज झालं. मला हे पटत नाही. मेलनीसारख्या उपाशी राहणाऱ्या आया हजारो असतील, त्यांची सगळी मुलं काही फुटबॉलपटू झाली नाहीत. मार्कसला आईबरोबरच शाळेचा नाश्ता मिळाला, शेजारी मिळाले, प्रशिक्षक मिळाले, क्लबाचं छप्पर मिळालं. आणि हे सगळं मिळालं, कारण आईनं मदत मागायची लाज बाळगली नाही. माझ्या मते तिचा खरा मोठेपणा उपाशी राहण्यात नव्हता, तो इथे होता.

संस्कार म्हणजे आयुष्यभराची हमी नव्हे, हेही खरं. पुढे मार्कसचा खेळ घसरला, २०२४ मध्ये त्याच्या वागण्यावर टीका झाली, २०२५ मध्ये त्याला दुसऱ्या क्लबांकडून खेळावं लागलं. म्हणून त्याच्या आईचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मुलाच्या यशाचं श्रेय सगळ्यांचं आणि अपयश तेवढं आईचं, हा हिशेब आपण बायकांनी तरी थांबवायला हवा.

आपल्याकडे आईच्या त्यागाचे गोडवे गायले जातात. पण तीच आई मदत मागायला आली की 'लोक काय म्हणतील' आडवं येतं. कधी ते लोक म्हणजे आपणच असतो. त्या दिवशी मी होते.

गेल्या जूनमध्ये आमच्या गटातल्या आणखी एका बाईनं वसतिगृहाचा अर्ज पुढे केला. या वेळी मी काही न बोलता पेन उघडलं. तुमच्या दारात अशी कुणी आली, तर तुम्ही तिला काय म्हणाल?